एकके आणि राउंडिंगच्या कसोटीवर एक साठा-सॉफ्टवेअर: चौदा महिन्यांच्या वापरानंतरचे परीक्षण

गोदामासाठी साठ्याचे सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण पडदा कसा दिसतो, अहवाल किती निघतात, बारकोड स्कॅनर जोडता येतो का, एवढे पाहतात; वस्तू कोणत्या एककात मोजली जाते आणि एका एककातून दुसऱ्यात जाताना उरलेल्या दशांशाचे काय होते, हा प्रश्न प्रात्यक्षिकाच्या वेळी सहसा कुणी विचारत नाही. आम्हीही पहिल्या वेळी विचारला नव्हता, आणि त्याची किंमत आम्ही काही वर्षे मोजली. म्हणून गेले चौदा महिने वापरत असलेल्या नव्या सॉफ्टवेअरचे हे परीक्षण मी फक्त या एकाच अंगाने करत आहे. सॉफ्टवेअरचे नाव मुद्दाम देत नाही, कारण आमची आवृत्ती पुरवठादाराने आमच्या गरजेप्रमाणे काही ठिकाणी बदलून दिलेली आहे आणि तिच्यातले गुणदोष इतरांच्या आवृत्तीत जसेच्या तसे असतीलच असे नाही. मी ज्या रीतीने तपासणी केली ती मात्र कोणत्याही साठा-सॉफ्टवेअरला लावता येईल.

आधी जुन्या प्रणालीत काय होत होते ते सांगितले पाहिजे, कारण नव्याचे मोल त्याशिवाय कळणार नाही. तिथे आमचा बराचसा साठा पेटीत नोंदवलेला असे आणि दशांश स्थळे दोनच होती. बारा बाटल्यांची पेटी फोडून बाटल्या एकेक करून बाहेर जाऊ लागल्या की प्रत्येक बाटलीमागे पेटीचा १/१२ भाग, म्हणजे ०.०८३३…, वजा व्हायला हवा होता, पण प्रणाली ०.०८ वजा करी. बारावी बाटली गेली की एकूण ०.९६ वजा झालेले असे, आणि कप्पा पूर्ण रिकामा असतानाही पडद्यावर ०.०४ पेटी शिल्लक दिसे. सहा नगांच्या पेटीत याच्या उलट घडे. १/६ चे ०.१७ होई, पाच नग गेल्यावर ०.१५ उरे, आणि सहाव्या नगासाठी ०.१७ ची मागणी टाकली की ‘साठा अपुरा’ असा संदेश येऊन जावक अडे. कामगाराच्या हातात वस्तू आहे, तिच्यावरचे लेबल बरोबर आहे, गाडी दारात उभी आहे आणि पावती निघत नाही, अशी वेळ आमच्यावर आठवड्यातून दोन-तीनदा येत असे. मग कुणीतरी ०.०२ ची समायोजन नोंद करून वाट मोकळी करून देई. महिनाअखेरीस या समायोजन नोंदींची यादी इतकी लांबलचक होई की तिच्यात खरी तूट कोणती, मोडतोड कोणती आणि केवळ राउंडिंगमुळे पडलेला फरक कोणता, हे वेगळे काढणे अशक्य होई. माझा मुख्य आक्षेप हाच होता. ०.०४ पेटीने कुणाचे नुकसान होत नाही, पण अशा शेकडो नोंदींच्या गर्दीत खरोखर गहाळ झालेला माल कुणाच्या लक्षात येत नाही.

नव्या सॉफ्टवेअरने ही अडचण मुळातच सोडवली आहे. प्रत्येक वस्तूची नोंद उघडताना तिचे मूळ एकक निवडावे लागते, आणि साठा फक्त त्याच एककात साठवला जातो; पेटी, डझन, ग्रोस (१४४ नग) ही सारी मापे फक्त टंकताना आणि दाखवताना वापरली जातात, साठवताना नाही. मूळ एककापुढे ‘फक्त पूर्ण संख्या’ अशी खूण करता येते. ती खूण केलेल्या वस्तूचा दशांश कोणत्याही मार्गाने, आवक असो, जावक असो, परत आलेला माल असो की फाइलमधून चढवलेली नोंद असो, आत शिरत नाही. अशी सोय असणारे हे एकटेच सॉफ्टवेअर नाही. ईआरपीनेक्स्ट या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्येही एककाच्या नोंदीत पूर्ण संख्येची सक्ती करण्याची खूण आहे आणि ओडू या तशाच सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्यांत प्रत्येक एककाला राउंडिंगची सूक्ष्मता ठरवून देता येत असे. फरक पडतो तो ही सोय किती ठिकाणी पाळली जाते यात. आमच्याकडे ती आजवर एकदाही ओलांडली गेलेली नाही.

दुसरी तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रूपांतराचा गुणक येथे दशांशात न ठेवता अंश आणि छेद अशा दोन पूर्ण संख्यांत ठेवलेला आहे. एक नग म्हणजे १/१४४ ग्रोस, असेच ते लिहिले जाते, ०.००६९४४ असे नाही. सॅप या मोठ्या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वस्तू-नोंदीतही पर्यायी एककांची रूपांतरे अंश-छेदाच्याच रूपात असतात, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. दशांशात लिहिलेला १/१४४ कितीही स्थळे वाढवली तरी अपुराच राहतो, तर अपूर्णांकात लिहिलेला नेहमी पुरा असतो. मी स्क्रूची एक चाचणी नोंद उघडून त्यात एक ग्रोस आवक केली, मग एकेक करून १४४ नग बाहेर काढले. शेवटच्या नगानंतर शिल्लक शून्य झाली आणि ती नोंद शिल्लक-यादीतून स्वतःहून निघून गेली. हे वाचणाऱ्याला फार साधे वाटेल. पण दोन दशांश स्थळांच्या प्रणालीत ग्रोस हे मूळ एकक असताना एक स्क्रू काढला की ०.०१ ग्रोस, म्हणजे १.४४ स्क्रू वजा होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते, कारण तिच्यात आमचीच चूक झाली होती. एकदा पहिला व्यवहार झाला की मूळ एकक बदलता येत नाही. ही सक्ती योग्यच आहे, नाहीतर मागच्या सगळ्या नोंदींचा अर्थ बदलेल. पण तिच्यामुळे सुरुवातीचा आठवडा फार काळजीने घालवावा लागतो. आम्ही घाईत चार वस्तूंचे मूळ एकक ‘जोडी’ ठेवले, आणि तीन महिन्यांनी त्यांतल्या दोन वस्तू सुट्या नगांनी मागवल्या जाऊ लागल्या. शेवटी जुने सांकेतांक बंद करून नव्या सांकेतांकांखाली साठा हलवावा लागला आणि त्या वस्तूंचा इतिहास दोन तुकड्यांत विभागला गेला. ज्या एककाखाली वस्तू कधीच विभागली जाणार नाही असे वाटते, त्याच्याही एक पायरी खाली उतरून विचार करावा, असे मी आता नव्या वस्तूच्या वेळी प्रत्येकाला सांगते.

लांबीच्या मालाची चाचणी घेताना मला हे सॉफ्टवेअर जास्त आवडू लागले. नेटवर्क केबलची पेटी मूळची १००० फुटांची असते. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून एक यार्ड म्हणजे नेमके ०.९१४४ मीटर ठरलेले असल्यामुळे एक फूट नेमका ०.३०४८ मीटर होतो आणि १००० फूट म्हणजे ३०४.८ मीटर, परंतु पेटीवर आणि बिलावर बहुधा ३०५ मीटर छापलेले असते. दर पेटीमागे हा २० सेंटिमीटरचा फरक, शंभर पेट्यांत २० मीटर. प्रमाणित रूपांतरे, जशी फूट-मीटर, इंच-मिलिमीटर, पौंड-किलोग्रॅम, या सॉफ्टवेअरमध्ये कुलूपबंद आहेत आणि ती कुणालाही बदलता येत नाहीत, पौंड ०.४५ आहे की ०.४५४ असा वाद येथे उद्भवतच नाही, तो ०.४५३५९२३७ आहे. वस्तूनिहाय रूपांतरे मात्र खुली आहेत. त्यामुळे आवक करताना ‘१ पेटी = ३०५ मीटर’ असे पुरवठादाराच्या बिलाप्रमाणे घ्यायचे की ‘१ पेटी = १००० फूट’ असे घ्यायचे, हा निर्णय आपल्याला जाणीवपूर्वक करावा लागतो, आणि कोणता निर्णय केला ते प्रत्येक आवक-नोंदीवर दिसत राहते. आम्ही फूट निवडले. त्यानंतर केबलच्या मोजणीत दर तिमाहीला दिसणारी ती एकाच दिशेची लहानशी तूट थांबली.

याच ठिकाणी एकक आणि बांधणी यांतला भेद या सॉफ्टवेअरने नीट पाळला आहे, आणि त्याबद्दल त्याच्या रचनाकारांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. मीटर हे एकक आहे. पेटी हे एकक नाही, ती बांधणी आहे. एका पुरवठादाराची पेटी ३०५ मीटरची आणि दुसऱ्याची १०० मीटरची असू शकते, आणि दोन्हींना ‘पेटी’ या एकाच एककाखाली कोंबले की कुठे ना कुठे तिप्पट चूक होणारच. येथे बांधणी ही वस्तू आणि पुरवठादार यांच्या जोडीला जोडलेली असते आणि प्रत्येक बांधणीला स्वतःचा बारकोड देता येतो. जीएस१ या बारकोडचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमांप्रमाणे सुटा नग, आतली पेटी आणि बाहेरचा खोका यांना वेगवेगळे जीटीआयएन क्रमांक, म्हणजे बारकोडमधले ओळख-क्रमांक, असतात. खोक्यावरचा बारकोड वाचला की किती नग आले हे सॉफ्टवेअरला त्यावरूनच कळते आणि आवक घेणाऱ्याला आकडा टंकावाच लागत नाही. आवकेतल्या आमच्या चुका सर्वांत जास्त याच सोयीमुळे कमी झाल्या.

केबलसंबंधी आणखी एक गोष्ट जाता जाता. ४० मीटरचे तीन तुकडे पडून असले तर एकूण १२० मीटर साठा दिसतो, पण १०० मीटरची सलग मागणी त्यातून भागत नाही. कोणतेही एकक ही अडचण सोडवू शकत नाही. त्यासाठी प्रत्येक ड्रम आणि प्रत्येक तुकडा वेगळा लॉट, म्हणजे स्वतंत्र ओळख असलेला साठा, म्हणून नोंदवावा लागतो. ती सोय येथे आहे आणि ती बरी चालते.

राउंडिंगच्या पद्धतींकडे वळते. हा भाग मी सर्वांत जास्त वेळ तपासला, कारण ‘राउंड ऑफ होते’ एवढेच उत्तर पुरेसे नसते. कुठे होते, कोणत्या दिशेने होते आणि कितव्या पायरीवर होते, ही तीनही उत्तरे हवी असतात. खरेदीच्या मागणीत आकडा वरच्या पूर्ण पेटीपर्यंत जायला हवा, कारण पुरवठादार पेटी फोडून देणार नाही. उपलब्ध साठा पेटीत दाखवताना तो खालच्या पूर्ण पेटीपर्यंत यायला हवा, कारण नसलेली पेटी कबूल करता येत नाही. वापराच्या नोंदीत जवळच्या आकड्याकडे जाणे योग्य. हे सॉफ्टवेअर या तीन प्रसंगांसाठी तीन वेगळे नियम ठेवू देते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे राउंडिंग ओळीवर करायचे की बेरजेवर, हेही ठरवू देते. समजा एका उत्पादनाला १.२ मीटर पट्टी लागते आणि अशा दहा मागण्या आहेत. प्रत्येक ओळ पूर्ण मीटरपर्यंत वर नेली तर खरेदी २० मीटरची निघते. आधी बेरीज करून मग वर नेले तर १२ मीटरच पुरतात. जुन्या प्रणालीत आम्ही अशा रीतीने पट्ट्या, नळ्या आणि पत्रे कित्येक महिने जास्त मागवत होतो आणि वाढत जाणाऱ्या साठ्याचे कारण खरेदी विभागाच्या अंदाजात शोधत होतो. त्या सहकाऱ्यांवर तेव्हा विनाकारण ठपका आला, याचे मला आजही वाईट वाटते.

बरोबर मध्यावर पडणाऱ्या आकड्यांचा प्रश्न वेगळा आहे. २.५ चे ३ करणे ही शाळेत शिकवलेली पद्धत. पण अर्धा आला की जवळच्या सम संख्येकडे जाणारी, म्हणजे २.५ चे २ आणि ३.५ चे ४ करणारी पद्धतही सर्रास वापरली जाते. संगणकातल्या दशांश आकडेमोडीच्या आयईईई ७५४ या मानकातली मूळ पद्धत तीच आहे आणि पायथॉन भाषेतले राउंड फंक्शनही तसेच वागते, तर स्प्रेडशीटमधले राउंड सूत्र २.५ चे ३ करते. त्यामुळे एकच आकडे सॉफ्टवेअरच्या अहवालात आणि स्प्रेडशीटमध्ये वेगळे दिसू शकतात, आणि दोन्हींपैकी एकही चूक नसते. येथे कोणती पद्धत वापरली आहे हे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले आहे, एवढ्यानेच आमचा कितीतरी वेळ वाचला.

परत आलेल्या मालाचे ऋण आकडे मी मुद्दाम तपासले. काही प्रणाली राउंडिंग करताना आकड्यात ०.५ मिळवून खालच्या पूर्ण संख्येकडे जातात. त्या रीतीने २.५ चे ३ होतात, पण उणे २.५ चे उणे २ होतात. म्हणजे जो माल गेला तोच पूर्ण परत आला तरी हिशेबात एक नग लोंबकळत राहतो. या सॉफ्टवेअरमध्ये उणे २.५ चे उणे ३ होतात आणि जावक व परती एकमेकींना पुरत्या काटतात. ही चाचणी पाच मिनिटांत होते आणि खरेदीपूर्वी प्रत्येकाने ती करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी अशीच छोटी चाचणी वजनाची आहे. ०.१ किलोग्रॅम याप्रमाणे दहा वेळा आवक करायची आणि मग एकदम १ किलोग्रॅम जावक करायची. संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत ०.१ हा आकडा नेमका लिहिताच येत नाही, त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरमध्ये साठा साध्या फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे द्विमान पद्धतीतल्या दशांश, आकड्यांत ठेवलेला असतो तिथे दहा वेळा ०.१ ची बेरीज ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते आणि १ किलोग्रॅमची जावक नाकारली जाऊ शकते. पडद्यावर मात्र साठा १.०० असाच दिसतो, आणि वापरणाऱ्याला आपले काय चुकले हे कळायला मार्ग राहत नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे दशमान प्रकारात साठवलेले असल्यामुळे ही चाचणी पहिल्याच वेळी उतरली.

आता दोष. पहिला हँडहेल्ड स्कॅनरवरच्या अ‍ॅपचा. संगणकावरचा पडदा तिसरे दशांश स्थळ पाहून राउंडिंग करतो, तर स्कॅनरवरचे अ‍ॅप दोन स्थळांनंतरचे आकडे सरळ कापून टाकत असे. १२.३४८ किलोग्रॅम एका ठिकाणी १२.३५ आणि दुसऱ्या ठिकाणी १२.३४ दिसे. केवळ दिसण्यापुरते असते तर मी एवढे मनावर घेतले नसते. पण मोजणीच्या वेळी कामगार अ‍ॅपवर दिसलेला आकडा ‘बरोबर’ म्हणून मान्य करी आणि तो कापलेला आकडाच साठा म्हणून नोंदला जाई. कापणे नेहमी एकाच दिशेने चुकते, म्हणून त्याच्या चुका एकमेकींना खात नाहीत, साचत जातात. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण व्हँकुव्हर शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे आहे. १९८२ च्या आरंभी १००० अंकांवर सुरू झालेला तो निर्देशांक प्रत्येक फेरगणनेत तिसऱ्या दशांश स्थळानंतर कापला जात होता, आणि बाजार ठीक चाललेला असताना नोव्हेंबर १९८३ पर्यंत सुमारे ५२० अंकांवर उतरला; हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. आमची तूट अर्थातच तेवढी मोठी नव्हती, पण सुट्या वजनाच्या प्रत्येक मालात ती होती. पुरवठादाराने दोष मान्य करायला तीन महिने घेतले. त्यानंतरची दुरुस्ती मात्र नीट झाली आहे. आता अ‍ॅप पूर्ण आकडा दाखवते.

दुसरा दोष दुहेरी मोजमापाचा आहे आणि तो अजून आहे. कागदाचे रोल आम्ही किलोग्रॅममध्ये घेतो आणि मीटरमध्ये देतो. एक मीटर रुंदीचा ८० जीएसएमचा कागद असेल तर एका चौरस मीटरचे वजन ८० ग्रॅम, म्हणून एक किलोग्रॅममध्ये १२.५ मीटर, आणि ५०० किलोग्रॅमच्या रोलमध्ये ६,२५० मीटर. हे झाले कागदावरचे गणित. प्रत्यक्ष कागद ८२ जीएसएमचा निघाला तर त्याच रोलमध्ये सुमारे ६,०९८ मीटरच असतात. दीडशे मीटरचा हा फरक कोणत्याही राउंडिंगने आलेला नाही आणि दशांश स्थळे वाढवून तो जाणारही नाही, कारण येथे वजन आणि लांबी यांच्यातले नाते मालागणिक बदलते. अशा मालासाठी दोन्ही मोजमापे स्वतंत्रपणे मोजून, स्वतंत्रपणे साठवावी लागतात. आवकेच्या वेळी हे सॉफ्टवेअर तसे करते. काट्यावरचे वजन आणि लेबलावरची लांबी दोन्ही विचारते. पण तीन रोल एकाच लॉटखाली आले असतील आणि त्यातला एक दुसऱ्या रॅकवर हलवला, तर ते वजनाची सरळ तीन भागांत वाटणी करते. एकूण १,००० किलोग्रॅमच्या तीन रोलांपैकी एक हलवला की ३३३.३३३ हलल्याची नोंद होते, जरी त्या रोलवरच्या चिठ्ठीवर ३४१.६ लिहिलेले असले तरी. प्रत्येक रोल वेगळा लॉट करा, असे उत्तर आम्हाला मिळाले. आम्ही तसे करतो आणि आकडे जुळतात, पण आवकेचा वेळ वाढला आहे. ज्यांच्याकडे बदलत्या वजनाचा माल मुख्य आहे त्यांनी हे लक्षात घेऊनच निर्णय करावा.

किमतीच्या बाबतीत माझी तक्रार नाही. एका ग्रोसची किंमत १०० मानली तर एका नगाची ०.६९४४… येते, ती ०.६९ करून १४४ ने गुणले की ९९.३६ होतात आणि ०.६४ कुठेतरी हरवतात. येथे एकूण मूल्य आणि एकूण नग वेगवेगळे साठवलेले असल्यामुळे शेवटचा नग गेला की उरलेले सर्व मूल्य त्याच्याबरोबर जाते आणि शून्य साठ्याला मूल्य उरत नाही. इतर प्रणालींशी देवाणघेवाण करण्यासाठी युएन/सीफॅक्ट या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेच्या शिफारस क्रमांक २० मधले एककांचे सांकेतांक, जसे किलोग्रॅमसाठी केजीएम, मीटरसाठी एमटीआर, नगासाठी एच८७, आधीच भरलेले आहेत. फाइलमधून नोंदी चढवताना स्वल्पविराम हा हजाराचा की दशांशाचा, हे प्रत्येक वेळी विचारले जाते. १,२५० चे १.२५ होण्याचा अपघात ज्यांनी अनुभवला आहे त्यांना याचे महत्त्व सांगायला नको.

ज्या सोयीमुळे गोदामातली माणसे या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू लागली, ती मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. शिल्लक येथे ३.४१६७ पेटी अशी दिसत नाही. ‘३ पेट्या, ५ नग’ अशी दिसते. मोजणीच्या दिवशी कामगार रॅकसमोर उभा राहतो तेव्हा त्याला दिसतात त्या तीन बंद पेट्या आणि एका उघड्या पेटीतल्या पाच वस्तू, आणि पडद्यावरही त्याला दोन चौकटी मिळतात, एक पेट्यांसाठी आणि एक नगांसाठी. गुणाकार, बेरीज आणि मूळ एककात रूपांतर हे काम सॉफ्टवेअर करते. पूर्वी आमचे मोजणीदार हातावर पेनने ३ गुणिले १२ अधिक ५ असे लिहीत आणि मग आकडा टंकत. दिवसाच्या शेवटी, थकलेल्या अवस्थेत, त्यात चुका होत आणि त्या चुकांना पुन्हा मोजणीखेरीज उपाय नसे. आता नगांच्या चौकटीत १२ किंवा त्याहून मोठा आकडा टाकला तर सॉफ्टवेअर थांबून विचारते की ही नवी पेटी धरायची का. आमच्यातल्या सर्वांत जुन्या मोजणीदार मावशी, ज्यांनी जुन्या प्रणालीचा पडदा कधी स्वतः हाताळला नव्हता, त्या आता स्कॅनर स्वतः घेतात आणि नव्या मुलांना शिकवतात. मी हे सॉफ्टवेअर इतरांना निःशंकपणे सुचवते त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

सुटा नग, पेटी आणि लांबीचा माल यांच्यासाठी माझे मत अनुकूल आहे. बदलत्या वजनाच्या मालासाठी वर सांगितलेल्या अटीवर. एक प्रश्न मात्र पुरवठादाराकडे अजून प्रलंबित आहे. बांधणी बदलते तेव्हा, समजा बारा नगांची पेटी दहा नगांची होते तेव्हा, झालेल्या नोंदी सुरक्षित राहतात, कारण प्रत्येक व्यवहारावर त्या वेळचा गुणक कोरलेला असतो. पण पाठवलेल्या आणि माल अजून न आलेल्या खरेदी मागण्या नवा गुणक उचलतात. ५० पेट्यांच्या एका मागणीचे ६०० नग एका रात्रीत ५०० झाले आणि माल ६०० नगांचा आला, तेव्हा आवक विभागाने १०० नग जादा म्हणून बाजूला काढून ठेवले होते. तेव्हापासून आम्ही जुनी बांधणी कधी बदलत नाही. ‘पेटी-१०’ नावाची नवी बांधणी उघडतो, तिला नवा बारकोड देतो, आणि जुन्या ‘पेटी-१२’ वरची शेवटची मागणी पूर्ण झाली की ती बंद करतो.